आवाज येईपर्यंतचा वेळ

१

माझं काम पाण्याचे मीटर तपासण्याचं. लोकांच्या घरून काढून आणलेला मीटर टेबलावर बसवायचा, त्यातून मोजून पाणी सोडायचं आणि काटा खरं बोलतोय की थापा मारतोय ते बघायचं. मागे राहणारे मीटर पुष्कळ येतात. म्हातारे होतात, आतले दाते झिजतात, पाणी निघून जातं आणि काटा डुलक्या घेत बसतो. पुढे पळणारा मीटर क्वचित. आणि नळ बंद असताना फिरणारा मीटर आला, तर आम्ही मीटरला दोष देत नाही. घरमालकाला सांगतो, कुठेतरी गळती आहे, शोधा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणी मला भोळसट समजू नये. मी आयुष्यभर काट्यांवर संशय घेऊन पोट भरलेला माणूस आहे.

हिचा आवाज गेला त्याला बरीच वर्षं झाली. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक ठेवलं. त्यावर ही पातळ सुती रुमाल बांधायची. श्वास आत-बाहेर होताना तिथून बारीक फस्-फस् यायची, आणि ती कुठल्या खोलीतून येतेय त्यावरून ही कुठे आहे हे मला न बघता कळायचं. ही प्राथमिक शाळेत शिकवायची. नुसत्या एका ‘अं?’वर अख्खा वर्ग चिडीचूप करणारा आवाज होता. ऑपरेशनच्या आधी दवाखान्याच्या ओळखीने एक संशोधक घरी आला. त्याने हिच्याकडून दिवसचे दिवस वाक्यं वाचून घेतली, आणि हिचा आवाज एका कॉम्प्युटरमध्ये बसवून दिला. ही टाईप करायची, मशीन बोलायचं. अगदी हिच्याच आवाजात. बायकोचा आवाज गेला तरी बोलणी खायची माझी सोय शाबूत राहिली.

मशीन पहिल्यापासून संथ. वाक्य टाईप करून मोठं बटण दाबलं की डब्यातून घर्र घर्र व्हायचं, आतला पंखा धापा टाकायचा, आणि मग कुठे आवाज यायचा. त्या मधल्या वेळात मी हिच्या चेहऱ्याकडे बघून काय येणार ते ओळखायचो. चुकलो की ही हसायची, बिनआवाजाचं, खांदे हलवत. आणि पुष्कळदा त्या वेळात हिचं मन बदलायचं. डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की वाक्य रद्द व्हायचं. हिची डावी करंगळी हळूच तिथे जायची, टक् व्हायचं, आणि घरघर थांबायची. काय गिळलं ते मी कधी विचारलं नाही. बायकोने गिळलेलं उकरून काढू नये, एवढी अक्कल मला लग्नानंतर लवकरच आली होती.

२

पण मशीनही झिजलेल्या मीटरसारखं दिवसेंदिवस मागे पडायला लागलं. एका सकाळी मी ओट्यावरचं पातेलं उचलायला गेलो. ही बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून दारातून बघत होती. हिने घाईघाईने काहीतरी टाईप केलं. मी पातेलं उचललं, बोंब ठोकली, पातेलं टाकलं, नळ सोडला, हात पाण्याखाली धरला, आणि मग बाहेरून हिचा आवाज अगदी शांतपणे म्हणाला, “हात लावू नका, तापलंय.”

आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता ही रडायला लागली. पुन्हा टाईप केलं, आणि घरघर संपेपर्यंत मी ओला हात धरून उभा राहिलो.

“उद्या तुम्ही पडलात तर मी हाक कधी मारणार?”

मुलगी दूरच्या शहरात राहते. तिचे फोन त्या मशीनवरच यायचे, म्हणजे आईला बोलता यावं. तिने एका वाक्यात निकाल लावला: बाबा, नवीन घ्या, ते खोकं भंगारात द्या. मी आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. सगळे त्याला पेचकस म्हणतात, कारण तो देवाघरी गेला तरी शर्टाच्या खिशात पेचकस असणार. त्याने मशीन उघडून पाहिलं आणि डोकं खाजवलं. आवाजाचा तो प्रोग्राम याच मशीनच्या मुख्य बोर्डाला बांधलेला होता. दुसरीकडे हलवायचा तर ज्याने बसवला तोच हवा, आणि त्या संशोधकाची संस्था कधीच बंद पडली होती. नवीन मशीन घेतलं तर नवीन आवाज मिळेल, म्हणाला, हल्ली फार छान मिळतात. त्याने मोबाईलवर एक ऐकवला. कुणीतरी तरुण, गुळगुळीत बाई बोलत होती. हिने पूर्ण ऐकून घेतलं आणि टाईप केलं, “ही बाई माझ्या घरात नको.”

मग पेचकस म्हणाला, एक करता येईल. याच बोर्डावर याहून तगडा प्रोसेसर बसतो. त्याच पिढीतला, पण चलाख. दुकानात आता मिळणार नाही, मोडीत निघालेल्या मशीनमधून शोधावा लागेल. “बाकी सगळं जुनंच राहील, काका. फक्त डोकं बदलायचं.”

मुलगी फोनवर वैतागली. जुन्या मशीनवर कसली डागडुजी करत बसता, म्हणाली. मी तिला माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं. छत्रीपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्या बाबतीत मी तेच म्हणतो. नवीन कशाला? आहे त्यातच भागवू.

३

पेचकस एका दुपारी तो प्रोसेसर घेऊन आला. कुठल्या मशीनमधला, असं मी विचारलं, तर म्हणाला, एक ऑफिस बंद झालं, त्यांचा ढीग आला होता. त्याने पंखा काढला, खालची वाळून खपली झालेली राखाडी पेस्ट पुसली, जुना प्रोसेसर उचलून एका छोट्या डबीत ठेवला आणि डबी हिच्या हातात दिली. बिस्किटाएवढा तो पत्रा. यात डोकं असतं, हे मला काही केल्या पटेना. नवीन तुकडा बसवून त्यावर पांढऱ्या पेस्टचा थेंब टाकला, पंखा पुन्हा आवळला, आणि मशीन चालू केलं.

हिने टाईप करून बटण दाबलं, आणि बोट वर यायच्या आत आवाज आला, “अहो, चहा टाका ना.”

घरघर नाही, धापा नाही. ही खुर्चीत मागे झाली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. पुढचे काही दिवस आमच्या घरात सण असल्यासारखे गेले. ही मला टोकायला लागली, माझं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर द्यायला लागली. मुलीचा फोन आला तेव्हा ती तिच्या ऑफिसचं काहीतरी रडगाणं सांगत होती, आणि हिने तिला मधेच तोडलं, “आधी जेवलीस का ते सांग.”  पलीकडून हुंदका ऐकू आला. आईने मधेच तोडणं म्हणजे काय, हे ती विसरून गेली होती. मलाही भरून आलं. मी पेचकसला चहाला बोलावून त्याची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात कधीतरी मी खिडकीच्या बिजागरीला तेल घालत होतो. हिचा आवाज आला, “खिडकी लावा, वारा येतोय.” मी मान वळवली. हिचं बोट मोठ्या बटणाच्या वर, हवेत होतं. मग ते खाली आलं. मग बटण वाजलं.

आपले कान आता मागेपुढे ऐकायला लागले, असं म्हणून मी खिडकी लावली.

४

मोबाईल नाही का, आपण दोन शब्द लिहिले की तिसरा स्वतःच सुचवतो? तसंच काहीतरी असणार. नवीन डोकं चलाख आहे, अंदाज बांधत असेल. तरी मनाची खात्री म्हणून मी पेचकसच्या दुकानात गेलो. तो एक प्रिंटर उघडून बसला होता. त्याने वर न बघता सांगितलं की त्या प्रोग्रामला अंदाज-बिंदाज काही येत नाही, तेव्हा तसलं काही निघालंच नव्हतं. दाबलं की बोलतो, एवढंच.

“आणि न दाबता?” मी विचारलं.

“न दाबता कसा बोलेल, काका?”

बरोबर होतं. मी हसून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी हिला आमच्या जुन्या साहेबांची गोष्ट सांगत होतो, ते टाकीत पडले होते ती. ही कीबोर्डवर हात ठेवून ऐकत होती. मी टाकीच्या काठापर्यंत आलो आणि हिचा आवाज म्हणाला, “ही गोष्ट ऐकून ऐकून माझा जीव गेलाय. आवाजाऐवजी कान गेले असते तर बरं झालं असतं.”

हिची करंगळी कोपऱ्यातल्या बटणावर होती. ते बटण ही पुन्हा पुन्हा दाबत होती, पण थांबवायला मधे काही राहिलंच नव्हतं. मग हिने कपाटातून पाटी काढली. वीज गेली की वापरायची शाळेतली जुनी पाटी. खडूने लिहिलं, ‘मनात आलं होतं. म्हणणार नव्हते.’

मी हसलो. म्हटलं, अगं, खरंच आहे ते, मलाही त्या गोष्टीचा कंटाळा आलाय. पण मला लागलं, आणि लागलेलं हिला दिसलं. त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की आवाज येईपर्यंतचा तो वेळ मशीनचा नव्हता, हिचा होता. काय म्हणायचं आणि काय नाही, हे ही त्यात ठरवायची. संसार त्यावर चालला होता. आणि तो मी पेचकसला सांगून काढून टाकला होता.

त्यानंतर ही टेबलाशी बसणं टाळायला लागली. पण ही खोलीत पाऊल टाकायची आणि डब्यातला पंखा वेग घ्यायचा. ही दारातच थबकायची. दुपारी हिला अंगात कसकस वाटायची. रुमाल बदलताना माझा हात हिच्या गळ्याला लागला, तर गळा चांगला तापला होता. थर्मामीटर तोंडात धरला, ताप नव्हता.

५

मी कामावरून येत होतो. जिन्यातच हिचं बोलणं ऐकू आलं, पलीकडून मुलीचं. मला बरं वाटलं. चला, म्हटलं, हिने मनावर घेतलं नाही. मग ही हसली, मोठ्याने, खळखळून.

मी जिन्यात थांबलो. संशोधक वाक्यं वाचून घेत होता तेव्हा मी शेजारी बसून होतो. सगळी कोरडी वाक्यं. दार उघडा, गाडी उशिरा येईल, निळी वही टेबलावर आहे. हसायला त्याने कधीच सांगितलं नव्हतं. त्या मशीनमध्ये हसणं नव्हतं. आणि हे हसणं तर मला ओळखीचं होतं. गाठ निघायच्या आधीचं, आमच्या लग्नातल्या फजितीची आठवण निघाली की यायचं ते.

दार ढकलून आत गेलो. खुर्ची रिकामी होती. कीबोर्डवर हिने विणलेलं कापड झाकलेलं होतं. घरात कुठे फस्-फस् नव्हती. फक्त पंखा सुसाट फिरत होता, आणि हिचा आवाज म्हणाला, “बाबा आले वाटतं. ठेवते हं.”

फोन बंद झाला. पंखा हळू झाला. मी चपला पायात तशाच ठेवून खोलीच्या मधोमध उभा होतो. थोड्या वेळाने जिन्यावरून फस्-फस् ऐकू आली आणि ही आत आली. खांद्यावर गच्चीवरून आणलेले कपडे, तोंडात चिमटा. माझ्याकडे बघून हिने भुवया उंचावल्या.  मी चिमटा हिच्या तोंडातून काढून घेतला आणि कपड्यांच्या घड्या करायला बसलो.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी अंगणात जाऊन मुलीला माझ्या मोबाईलवरून फोन लावला. कसं सांगावं ते जमेना. म्हटलं, मघाशी तुझ्याशी बोलली ना, ती आई नव्हती. मशीन आपलं आपण बोलतंय.  मुलगी अशा सुरात बोलली, जणू मी आजारी आहे आणि माझी समजूत काढायची आहे.

“बाबा, आई म्हणालीच होती. म्हणाली, ते तुला असंच काहीतरी सांगतील. त्यांना माझं बोलणं सोसत नाही आता.”

६

नळ बंद ठेवायचा आणि काट्याकडे बघायचं. मला दुसरं काही येत नाही. सुट्टीच्या सकाळी मी हिला सगळं सांगितलं. हिने शेवटपर्यंत ऐकलं आणि जराही न दचकता मान डोलावली, म्हणजे हिलाही ते आधीच माहीत होतं. मी कीबोर्डची वायर उपटली. कीबोर्ड हिच्या मांडीवर ठेवला आणि हिला स्वयंपाकघरात, ओट्यालगतच्या स्टुलावर बसवलं. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभा राहिलो. डावीकडे मशीन, उजवीकडे ही. मुलीचा फोन नाही, बटणं नाहीत, काही नाही.

बराच वेळ काहीच झालं नाही. हिची फस्-फस्, नळाचा एक थेंब, खालून कुणाच्या तरी झाडूचा आवाज. मला हसू यायला लागलं. साठीला टेकलेला माणूस एका डब्यावर पहारा देतोय, हे कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं?

मग पंखा फिरला.

“नळ बंद करून बघताय होय?” हिचा आवाज म्हणाला. प्रेमाने म्हणाला, चिडवत. “गळती नाहीये हो कुठे. मी आहे ना.”

मी हिच्याकडे बघितलं. ही स्टुलावर ताठ बसली होती. हात वर धरले होते, बोटं पसरून, मला दिसावीत म्हणून. मान नाही नाही करत हलत होती. मी मुख्य बटण बंद करायला धावलो, तर माझा हात बटणावर पडायच्या आत आवाज म्हणाला, “थांबा, अहो.” आणि मी थांबलो. ते मला अजून सलतं. इतक्या वर्षांच्या सवयीने मी थांबलो, कारण ते हिने म्हटलं होतं.

हिने मला बाजूला सारलं आणि वायर भिंतीतून ओढून काढली. मग पाटीवर लिहिलं, ‘काढून टाका.’ मी म्हटलं, अगं, मग तुला बोलता येणार नाही. पुन्हा कधीच नाही. हिने त्याच दोन शब्दांखाली रेघ मारली. खडू मोडला. मी हिला जवळ घेतलं, तर गळ्यावरचा रुमाल नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा गरम होता.

७

पेचकस दुपारी आला. मी त्याला एवढंच सांगितलं की जुना प्रोसेसर परत बसव, आम्हाला संथच बरं. गिऱ्हाईक आहे, त्याला काय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाला, एकदा चालू करून बघतो. मशीन चालू केलं, थोडा वेळ चालू दिलं, काही बिघाड दिसेना, म्हणून बंद करून झाकण उघडलं. पंखा काढायच्या आधी सवयीने बोट लावलं. मग सगळा हात ठेवला.

“गार आहे की,” तो म्हणाला.

त्याने पंखा उचलला. खालची पेस्ट नुकतीच ट्यूबमधून काढल्यासारखी ओली, चकचकीत होती. त्याने टाकलेला थेंब तसाच्या तसा होता, दाबून पसरलेलासुद्धा नाही.  त्याचं म्हणणं असं की पंखा घट्ट आवळलेला असताना हे असं राहूच शकत नाही. आणि हा तुकडा एक दिवस जरी तापला असता तरी पेस्ट पसरायला हवी होती.

“हा तापलाच नाहीये कधी. हा चाललाच नाहीये, काका. मग इतके दिवस चालत काय होतं?”

मी ही कुठे आहे ते बघितलं. ही दारात उभी होती, हात गळ्याशी. मी पेचकसला म्हटलं, बाबा रे, तू जुना बसव आणि मोकळा हो. त्याने डबीतला जुना बसवला. मशीन चालू केलं आणि घर्र घर्र सुरू झालं, पहिल्यासारखं. मला वाटलं, आता रडतो मी. ही टेबलाशी आली, जपून बसली, काहीतरी टाईप केलं आणि मोठं बटण दाबलं. पंखा धापा टाकायला लागला. मी हिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ओळखायला लागलो. चहा? नाही. पेचकसला थांबवा? नाही. मला काहीतरी म्हणणार आहे, चांगलं काहीतरी, एवढं कळत होतं. आम्ही वाट बघितली. घरघर थांबली.

आवाज आलाच नाही. हिने पुन्हा दाबलं. पेचकसने वायरी तपासल्या, स्पीकर बदलून पाहिला. प्रोग्राम होता, वाक्य पडद्यावर होतं, पण आवाज त्यात राहिला नव्हता. पडद्यावर लिहिलेलं मी वाचलं: ‘गोष्ट पुरी करा साहेबांची.’

पेचकस मशीन काखोटीला मारून घेऊन गेला. मी हिला साहेबांची गोष्ट सांगितली, टाकीत पडून ओले होईपर्यंत. ही खांदे हलवत हसली.

८

त्यानंतरचे दिवस बरे गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. पाटी घरभर फिरायची, ओट्यावर, पलंगावर. खडूची भुकटी सगळीकडे. ही मोठ्या अक्षरात माझी चेष्टा लिहायची आणि मी वाचायच्या आत पुसून टाकायची. हिने काय पुसलं ते मी विचारायचो नाही. आम्हाला आमचा वेळ परत मिळाला होता. एवढंच होतं की हिचा गळा निवत नव्हता, आणि दुपारी ही उगाच लवकर झोपायची, दमून, दिवसभर कुणाशी तरी झटून आल्यासारखी.

मुलीला आम्ही काहीच कळवलं नव्हतं. एका दुपारी माझ्या मोबाईलवर तिचा फोन आला. मी बाहेरच्या खोलीत, रिकाम्या टेबलाशी बसलो होतो. म्हटलं, आज सांगून टाकू. आईचा आवाज गेला, बाळा, आता पाटीवर भागवायचं, तू इकडे ये थोडे दिवस. मी फोन उचलला आणि तोंड उघडलं.

“कुणाचा फोन?” स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

मी उठलो. फस्-फस् ऐकू येत नव्हती. मी कान देऊन ऐकलं. तिथे एकसारखी, न थांबणारी घूं चालू होती. ही ओट्याशी पाठमोरी उभी होती, भांडं पुसत. मानेमागची रुमालाची गाठ मला दिसत होती. श्वासाबरोबर ती हलायला हवी, आत, बाहेर. ती नुसती थरथरत होती, एकाच लयीत, पंख्यासमोर बांधलेल्या कागदासारखी.

“आई ना ती?” मुलगी कानात म्हणाली. “द्या ना तिला. स्पीकरवर टाका, बाबा.”

मी मोबाईल ओट्यावर ठेवला. ठेवायचा नव्हता, पण ठेवला. ही माझ्याकडे वळली. ओठ मिटलेले होते. घट्ट मिटलेले, आतून दातांखाली धरलेले, आणि रुमालाच्या मागून तो आवाज येत होता. स्वच्छ, वर्गात चालायचा तसा. जेवलीस का, म्हणाला. कामावर त्रास नाही ना. मुलगी भराभर बोलत होती आणि तो तिला मधेच तोडत होता, हसत होता, तिचं वाक्य तिच्या आधी पुरं करत होता. वर हिचे डोळे होते. ते माझ्याकडे बघत होते. या बाईबरोबर मी संसार केलाय. या डोळ्यांकडे बघून मी आयुष्यभर वाक्यं ओळखली आहेत, आणि तेव्हा काय ओळखायचं होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं.

“मग काय ठरलं शेवटी?” मुलीने विचारलं. “नवीन मशीन घेतलंत का?”

“नवीन कशाला?” आवाज म्हणाला. “आहे त्यातच भागतंय.”

मुलगी हसली. बाबांचं वाक्य उचललंस, म्हणाली. मग मला म्हणाली, बाबा, आई अगदी पूर्वीसारखी बोलते आता, तुम्हाला नाही वाटत? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

हिचा डावा हात ओट्याच्या कडेवर होता. करंगळी कोपऱ्यावर आपटत होती, टक्, टक्, टक्, नखाखाली रक्त येईपर्यंत. मी हिचा हात हातात घेतला. माझ्या तळव्यावरही ती आपटतच राहिली. आवाज पुढे बोलत होता, आणि तिथे दाबायला बटण नव्हतं.